सॉफ्टवेअर काढल्यानंतर लिनक्सचा डेस्कटॉप नाहीसा झाला तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादे नको असलेले सॉफ्टवेअर काढावे आणि पुढच्या वेळी संगणक सुरू केल्यावर नेहमीच्या डेस्कटॉपऐवजी काळ्या पडद्यावर लुकलुकणारा कर्सर दिसावा, हा अनुभव लिनक्स वापरणाऱ्या अनेकांना कधी ना कधी येतो. अशा वेळी बहुतेक जण घाबरून संपूर्ण प्रणाली नव्याने बसवायला घेतात. वास्तविक जे गेले त्याची नोंद संगणकाने स्वतःच करून ठेवलेली असते आणि ती वाचून गेलेले परत आणता येते. ते कसे करावे, हे सांगण्यासाठी हे पान लिहिले आहे. मुख्य विवेचन डेबियन, उबुंटू आणि लिनक्स मिंट या वितरणांना, म्हणजे लिनक्सच्या तयार रूपांना, धरून आहे. फेडोरा, ओपनसुसे आणि आर्च यांच्याविषयीचा प्रश्न पुढे स्वतंत्रपणे घेतला आहे.

कमांडविषयी एक सूचना आधीच द्यावी लागते. या पानावर कमांड आणि फायलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टाकावयाची आहेत. ज्यांचे स्पेलिंग उच्चारावरून लक्षात येणार नाही, त्यांची अक्षरे पहिल्या उल्लेखाच्या वेळी सुटी करून सांगितली आहेत.

मी एकच सॉफ्टवेअर काढले होते. मग संपूर्ण डेस्कटॉप का गेला?

लिनक्समधील प्रत्येक पॅकेज, म्हणजे बसवता-काढता येणारा सॉफ्टवेअरचा गठ्ठा, आपल्याला चालण्यासाठी कोणती दुसरी पॅकेजेस लागतात हे जाहीर करून ठेवते. यालाच डिपेंडन्सी म्हणतात. पॅकेज बसवताना ही साखळी खालच्या दिशेने जाते, म्हणजे आपण एक मागतो आणि त्याला लागणारी दहा सोबत येतात. काढताना मात्र ती उलट दिशेने चालते. आपण जे काढतो त्यावर जी पॅकेजेस उभी आहेत ती सर्व निराधार होतात आणि निराधार पॅकेज प्रणालीत ठेवणे ॲप्टला (ए, पी, टी), म्हणजे पॅकेजेस बसवणाऱ्या आणि काढणाऱ्या साधनाला, मान्य नसल्यामुळे तीही काढण्याच्या यादीत जातात. त्यांच्यावर आणखी काही उभे असेल तर तेही जाते. म्हणून पायाजवळचे एक पॅकेज काढले की वरचे मजले कोसळतात.

माझ्याच बाबतीत घडलेले सांगतो. नोम (जी, एन, ओ, एम, ई) डेस्कटॉप असलेल्या संगणकावर मी मेल आणि कॅलेंडर ब्राउझरमध्येच वापरत असे. तेव्हा पार्श्वभूमीत सतत चालणारे इव्होल्यूशन-डेटा-सर्व्हर कशाला हवे, असे वाटून ते काढण्याची कमांड दिली. नावावरून ते एका मेल प्रोग्रॅमचा सुटा भाग वाटत होते. प्रत्यक्षात नोम-शेल, म्हणजे वरची पट्टी, खिडक्या आणि घड्याळाखाली उघडणारे कॅलेंडर दाखवणारा मुख्य प्रोग्रॅम, त्याच्यावर अवलंबून असतो. लॉगिनचा पडदा दाखवणारे जीडीएम३ हे नोम-शेलवर अवलंबून असते. आणि डेस्कटॉपचे मेटापॅकेज, म्हणजे इतर पॅकेजेसची केवळ यादी असलेले पॅकेज, या सर्वांवर. पडद्यावर काढावयाच्या पॅकेजेसची यादी आली होती आणि तिच्यात ही नावे होती. मी यादीचा शेवट पाहिला, सुरुवात पाहिली नाही, आणि वाय दाबले.

पायथनच्या बाबतीतही हेच घडते. "मला पायथनमध्ये प्रोग्रॅमिंग करायचे नाही" किंवा "मी नवी आवृत्ती बसवली आहे, जुनी नको" असे म्हणून पायथन-३ काढणारे पुष्कळ आहेत. उबुंटूमध्ये अपडेट करणाऱ्या साधनांपासून डेस्कटॉपच्या अनेक भागांपर्यंत कितीतरी गोष्टी प्रणालीच्या त्याच पायथनवर चालतात. आपल्या कामासाठी दुसरी आवृत्ती हवी असल्यास ती शेजारी बसवावी, प्रणालीच्या पायथनला हात लावू नये.

माझी कागदपत्रे, छायाचित्रे आणि इतर फायली गेल्या का?

नाही. पॅकेज काढताना प्रोग्रॅमच्या फायली जातात. पर्ज केल्यास, म्हणजे सेटिंग्जसह काढून टाकल्यास, त्यासोबत ईटीसी फोल्डरमधील संपूर्ण प्रणालीसाठीची सेटिंग्जही जातात. आपल्या होम फोल्डरला पॅकेज व्यवस्थापक हात लावत नाही. डेस्कटॉपचा वॉलपेपर, ब्राउझरचे बुकमार्क, मेलची खाती हे सर्व होममध्येच असल्यामुळे डेस्कटॉप परत आल्यावर तो बहुधा जसाच्या तसा दिसतो.

गडबड झाल्याचे आत्ताच लक्षात आले आहे. सर्वप्रथम काय करावे?

संगणक बंद करू नये आणि रीस्टार्टही करू नये. ही सूचना मी सर्वांत कळकळीने करतो, कारण हाताशी असलेली सर्वांत मोठी सोय लोक याच क्षणी घालवतात. डिस्कवरून फाइल पुसली गेली तरी आधीच सुरू असलेला प्रोग्रॅम मेमरीत चालू राहतो. त्यामुळे पॅकेज काढल्यानंतरही काही वेळ उघडे टर्मिनल आणि वाय-फाय जोडणी चालू असण्याची शक्यता पुष्कळ असते. या अवस्थेत दुरुस्ती केली तर ती दहा मिनिटांत आटोपते. रीस्टार्टनंतर याच कामासाठी आधी इंटरनेट मिळवण्याची खटपट करावी लागते.

टर्मिनलची खिडकी उघडी असेल तर ती तशीच ठेवावी, कारण काय काढले गेले ते तिच्यात दिसत असते. ॲप्ट ऑटोरिमूव्ह ही कमांड मात्र या वेळी कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. मुख्य पॅकेज गेल्यामुळे त्याला लागणारी अनेक चांगली पॅकेजेस आता कोणालाच नको आहेत असे ॲप्टला वाटत असते. ती अजून डिस्कवर आहेत. ऑटोरिमूव्ह केल्यास तीही जातील आणि काम वाढेल.

संगणक रीस्टार्ट झाला आहे आणि पडदा काळा आहे. कमांड कुठे द्यायची?

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबाव्यात. काही लॅपटॉपवर सोबत एफएन ही कळही दाबावी लागते. काळ्या पडद्यावर लॉगिन असा शब्द येईल. तेथे आपले वापरकर्ता-नाव आणि नंतर पासवर्ड टाकावा. पासवर्ड टाकताना ठिपके किंवा चांदण्या दिसत नाहीत, कर्सर जागचा हलत नाही. तरीही अक्षरे नोंदली जात असतात. कळफलक बिघडला असे समजून अनेक जण येथेच थांबतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

एवढ्यानेही काही दिसले नाही तर संगणक सुरू होताना ग्रबचा, म्हणजे प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू आणावा. जुन्या बायॉस पद्धतीच्या संगणकात त्यासाठी शिफ्ट दाबून धरावी लागते, यूईएफआय असलेल्यांत एस्केप दाबावी लागते. त्यातील प्रगत पर्यायांमध्ये रिकव्हरी मोड असतो. उबुंटू आणि मिंटमध्ये तेथे एक छोटा मेनू येतो. त्यातून आधी नेटवर्क आणि मग रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) निवडावे. डेबियन थेट रूटचा पासवर्ड मागते. रिकव्हरीमध्ये डिस्क केवळ वाचण्यापुरती जोडलेली असू शकते. तसे असल्यास माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू / ही कमांड दिल्यावर तिच्यावर लिहिता येते.

नेमके काय काय गेले, हे कसे कळेल?

या सगळ्या दुरुस्तीचा गाभा हाच प्रश्न आहे, त्यामुळे याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

ॲप्ट प्रत्येक व्यवहाराची नोंद /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग या फायलीत करते. व्हार म्हणजे व्ही, ए, आर. लेस या कमांडने ती फाइल उघडावी आणि मोठे जी दाबून शेवटाकडे जावे. प्रत्येक नोंद स्टार्ट-डेट या ओळीने सुरू होते आणि एंड-डेट या ओळीने संपते. मध्ये कमांडलाइन अशी ओळ असते, तिच्यात आपण दिलेली कमांड शब्दशः असते, आणि तिच्यानंतर इन्स्टॉल, अपग्रेड, रिमूव्ह किंवा पर्ज अशा नावांच्या ओळी असतात. रिमूव्हची ओळ पडद्यावर दहा-पंधरा ओळी व्यापेल इतकी लांब असू शकते, पण ती एकच ओळ असते. तिच्यात पॅकेजचे नाव, अपूर्णविराम, प्रोसेसरचा प्रकार, मग कंसात आवृत्ती आणि स्वल्पविराम, अशी नावे एकामागून एक दिलेली असतात. आपल्या डेस्कटॉपचे हरवलेले सर्व भाग याच ओळीत आहेत.

महिना बदलल्यावर ही फाइल दाबून ठेवली जाते आणि तिच्या नावाला आकडा व जीझेड हे शेपूट लागते. ती झेडलेसने वाचता येते. चुकीनंतर आपण घाईत आणखी एकदोन कमांड दिल्या असतील तर काढलेली पॅकेजेस एकाहून अधिक नोंदींत विखुरलेली असतील, म्हणून शेवटची एकच नोंद पाहून थांबू नये.

आता या ओळीची यादी करावयाची. ग्रेप रिमूव्ह /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग | टेल -एन १ > यादी, असे लिहिल्यास रिमूव्हची शेवटची ओळ यादी नावाच्या फायलीत येते. या कमांडमध्ये रिमूव्हचा आर मोठाच हवा, आणि पर्ज केले असेल तर रिमूव्हच्या जागी मोठ्या पीचे पर्ज लिहावे. नंतर ती फाइल नॅनो या मजकूर-संपादकात उघडावी आणि सुरुवातीचा रिमूव्ह हा शब्द त्याच्या अपूर्णविरामासह खोडावा. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबल्यावर शोधून बदलण्याची सोय उघडते, तेथे ऑल्ट आणि आर दाबून रेग्युलर एक्स्प्रेशन चालू करावे आणि शोधण्यासाठी \([^)]*\),? एवढी चिन्हे टाकावीत. बदली काहीही न लिहिता एंटर दाबावे आणि सर्व ठिकाणी बदल करण्यास ए दाबून संमती द्यावी. कंस, आवृत्त्या आणि स्वल्पविराम एका झटक्यात निघून जातात आणि मागे फक्त नावे उरतात. फाइल जतन करून सुडो ॲप्ट इन्स्टॉल $(कॅट यादी) अशी कमांड द्यावी. सुडो म्हणजे एस, यू, डी, ओ. कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवण्यासाठी ते लावतात.

एंटर दाबण्यापूर्वी जे मूळ पॅकेज काढायचे होते ते यादीतून वगळावे असे वाटेल. तसे करू नये. त्याच्यामुळेच बाकीची गेली होती. ते परत आल्याशिवाय बाकीची उभी राहणार नाहीत.

एक बारकावा राहिला. अशा रीतीने नावे घेऊन बसवलेली सर्व पॅकेजेस आपण मुद्दाम मागितली आहेत अशी नोंद होते. पुढे कधी डेस्कटॉप बदलायचा झाला तर ती आपोआप निघणार नाहीत. म्हणून सर्व सुरळीत झाल्यावर, डेस्कटॉपचे मेटापॅकेज बसलेले आहे याची खात्री करून, सुडो ॲप्ट-मार्क ऑटो $(कॅट यादी) असे द्यावे आणि मेटापॅकेज तेवढे ॲप्ट-मार्क मॅन्युअलने पुन्हा आपले म्हणून नोंदवावे.

यादी वगैरे न करता डेस्कटॉपचे मेटापॅकेजच पुन्हा बसवले तर चालणार नाही का?

बऱ्याचदा चालते. उबुंटूमध्ये उबुंटू-डेस्कटॉप किंवा उबुंटू-डेस्कटॉप-मिनिमल, कुबुंटूमध्ये कुबुंटू-डेस्कटॉप, झुबुंटूमध्ये (पहिले अक्षर एक्स) झुबुंटू-डेस्कटॉप, मिंटच्या सिनॅमन आवृत्तीत मिंट-मेटा-सिनॅमन, आणि डेबियनमध्ये टास्क-नोम-डेस्कटॉप, टास्क-केडीई-डेस्कटॉप किंवा टास्क-एक्सएफसीई-डेस्कटॉप, अशी ही नावे आहेत. मेटापॅकेजमध्ये स्वतःचा प्रोग्रॅम नसतो, फक्त इतरांची यादी असते.

मी मात्र नोंदीवरून केलेल्या यादीला पहिली पसंती देतो. मेटापॅकेज त्या वितरणाचा डेस्कटॉप आणून देते, तर नोंद आपला डेस्कटॉप आणून देते. आपण नंतर स्वतः बसवलेली आणि या पडझडीत गेलेली पॅकेजेस मेटापॅकेजच्या यादीत कशी असतील? पूर्वी मुद्दाम काढून टाकलेली काही मात्र त्याच्याबरोबर परत येतात.

सर्व पॅकेजेस परत बसली, तरी लॉगिनचा पडदा येत नाही. का?

लॉगिनचा पडदा दाखवणारा डिस्प्ले मॅनेजर सुरू झालेला नसतो. नोममध्ये तो जीडीएम३, केडीईमध्ये एसडीडीएम आणि मिंटमध्ये लाइटडीएम असतो. सुडो सिस्टिमसीटीएल स्टार्ट जीडीएम३ असे देऊन पाहावे. एकाहून अधिक डिस्प्ले मॅनेजर असतील तर सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर जीडीएम३ ही कमांड कोणता वापरायचा ते विचारते. डीपीकेजी म्हणजे डी, पी, के, जी. संगणक तरीही काळ्या पडद्यावरच सुरू होत असेल तर सुडो सिस्टिमसीटीएल सेट-डीफॉल्ट ग्राफिकल.टार्गेट हा उपाय आहे.

पॅकेज बसवताना "अनमेट डिपेंडन्सीज" किंवा "हेल्ड ब्रोकन पॅकेजेस" असा संदेश येतो. त्याचा अर्थ काय?

अर्धवट राहिलेला व्यवहार आधी पूर्ण करावा लागतो. त्यासाठी सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, नंतर सुडो ॲप्ट अपडेट आणि मग सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल, या क्रमाने कमांड द्याव्यात. पहिली कमांड उतरवलेली पण जोडणी न झालेली पॅकेजेस मार्गी लावते. तिसरी साखळीतील तुटलेले दुवे सांधते, पण कसे सांधायचे हे ती स्वतः ठरवते, आणि कधी कधी तिला सुचणारा मार्ग आणखी पॅकेजेस काढण्याचा असतो. म्हणून तिची यादीही पूर्ण वाचूनच होकार द्यावा. यादीत डेस्कटॉपची नावे काढण्यासाठी आलेली दिसली तर एन दाबून मागे फिरावे.

"हेल्ड ब्रोकन पॅकेजेस" या शब्दांमुळे आपण काहीतरी रोखून धरले आहे असा समज होतो. तशी शक्यता असतेच आणि ती ॲप्ट-मार्क शोहोल्ड या कमांडने तपासता येते. पण बहुतेक वेळा कारण निराळे असते. दोन पॅकेजेसना एकाच लायब्ररीच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या हव्या असतात आणि दोघांचे एकाच वेळी समाधान करणे ॲप्टला शक्य नसते. याचे मूळ बहुधा बाहेरून जोडलेल्या एखाद्या पीपीएमध्ये (उबुंटूच्या अधिकृत भांडाराबाहेरील पॅकेजेसच्या भांडारात) किंवा दुसऱ्या आवृत्तीच्या भांडारात सापडते. ॲप्ट पॉलिसी आणि त्यापुढे अडलेल्या पॅकेजचे नाव, अशी कमांड दिल्यास बसलेली आवृत्ती, उपलब्ध आवृत्त्या आणि त्या कोणत्या भांडारातून येतात हे सर्व दिसते. बसलेली आवृत्ती अधिकृत भांडारात असलेल्या आवृत्तीपेक्षा पुढची असेल तर दोषी सापडला असे समजावे. उबुंटूमध्ये पीपीए-पर्ज हे साधन ते पीपीए बंद करते आणि त्यातून आलेली पॅकेजेस अधिकृत आवृत्तीवर परत आणते. एखाददुसरेच पॅकेज असेल तर इन्स्टॉलच्या कमांडमध्ये नावापुढे बरोबरचे चिन्ह आणि अधिकृत आवृत्तीचा क्रमांक लिहून ते हातानेही मागे आणता येते.

नेमके कोणते पॅकेज अडवत आहे हे कळत नसेल तर संदेशात ज्याचे नाव आले आहे तेच बसवण्याचा प्रयत्न करावा. त्यावर जो नवा संदेश येईल त्यातील नाव घेऊन पुन्हा तसेच करावे. दोन-तीन पायऱ्या खाली उतरल्यावर गाठ सापडते.

डीपीकेजीने एरर कोड १ दिला, असे म्हणून काम थांबते. आता?

हा आकडा काहीच सांगत नाही. खरे कारण त्याच्या वरच्या ओळींत असते. पॅकेज बसल्यावर किंवा निघताना चालणारी एखादी स्क्रिप्ट फसलेली असते. आधी डीएफ -एच या कमांडने डिस्क भरलेली नाही ना ते पाहावे. विशेषतः बूटचे वेगळे विभाजन असेल तर जुन्या कर्नलांनी ते भरून जाणे हे या संदेशाचे नेहमीचे कारण आहे. जागा असूनही अडत असेल तर /व्हार/लॉग/ॲप्ट/टर्म.लॉग या फायलीत पडद्यावर आलेला सर्व मजकूर जतन असतो, तो वाचावा.

"लॉक मिळवता आले नाही" असा संदेश आल्यास लॉकची फाइल पुसावी का?

पुसू नये. पॅकेजचे काम करणारा दुसरा एखादा प्रोग्रॅम, बहुधा आपोआप चालणारे अपडेट, त्या वेळी सुरू असतो. नव्या ॲप्टच्या संदेशात त्याचे नाव आणि प्रक्रिया क्रमांकही येतो. काही मिनिटे थांबावे. लॉक हे दोन हात एकाच वेळी एकाच नोंदवहीत लिहू नयेत म्हणून असते. ते पुसून पुढे गेल्यास पॅकेजेसची नोंदवहीच खराब होऊ शकते, आणि मग दुरुस्ती खरोखरच अवघड होते.

डेस्कटॉपबरोबर नेटवर्क-मॅनेजरही गेले आहे आणि इंटरनेट नाही. पॅकेजेस आणायची कशी?

सर्वांत सोपा मार्ग केबलचा. राउटरची केबल लावावी किंवा फोन यूएसबीने जोडून त्यावर यूएसबी टेदरिंग सुरू करावे. लिनक्सला असा फोन केबलच्या जोडणीसारखाच दिसतो, त्यामुळे वाय-फायचा पासवर्ड वगैरे काही लागत नाही. आयपी लिंक या कमांडने जोडणीचे नाव पाहावे, सुडो आयपी लिंक सेट, ते नाव आणि अप असे देऊन ती सुरू करावी, आणि डीएचक्लायंट किंवा डीएचसीपीसीडी यांपैकी जे उपलब्ध असेल त्याने पत्ता मिळवावा. नेटवर्क-मॅनेजर शिल्लक असेल आणि केवळ त्याचे चित्र गेले असेल, तर एनएमटीयूआय ही कमांड काळ्या पडद्यावरच एक सुटसुटीत मेनू दाखवते. बाणांच्या कळांनी वाय-फाय निवडून पासवर्ड टाकता येतो.

यांतले काहीच जमले नाही तर /व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्ह्ज या फोल्डरमध्ये पूर्वी उतरवलेली पॅकेजेस उरली आहेत का ते पाहावे. ॲप्ट-गेटने उतरवलेल्या फायली तेथे राहतात. ॲप्ट मात्र काम झाल्यावर त्या पुसून टाकते. फोल्डर रिकामे असेल तर दुसऱ्या संगणकाची मदत घेता येते. बंद पडलेल्या संगणकावर ॲप्ट-गेट --प्रिंट-यूआरआयज इन्स्टॉल नेटवर्क-मॅनेजर असे दिल्यास इंटरनेट नसतानाही, नेमक्या कोणत्या फायली हव्यात आणि त्या कोणत्या पत्त्यावर मिळतील, याची पूर्ण यादी मिळते. ती पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर त्या फायली उतरवाव्यात, आर्काइव्ह्ज फोल्डरमध्ये आणून ठेवाव्यात आणि मग नेहमीसारखी इन्स्टॉलची कमांड द्यावी.

तिसरा मार्ग लाइव्ह पेनड्राइव्हचा, म्हणजे डिस्कवर काही न बसवता ज्यावरून लिनक्स सुरू करता येते अशा पेनड्राइव्हचा. त्याच वितरणाच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा, वाय-फाय जोडावे, आपल्या डिस्कचे मूळ विभाजन एमएनटी फोल्डरवर माउंट करावे आणि डेव्ह, प्रॉक, सिस व रन ही चार फोल्डरे माउंट --बाइंड वापरून त्याच्या आत जोडावीत. बूटचे विभाजन वेगळे असेल तर तेही जोडावे. त्यानंतर सुडो सीएचरूट /एमएनटी असे दिल्यावर पुढच्या सर्व कमांड पेनड्राइव्हवरील प्रणालीत न चालता आपल्या डिस्कवरील प्रणालीत चालतात, इंटरनेट मात्र पेनड्राइव्हच्या प्रणालीचे मिळते. हिस्टरी.लॉगवरून यादी करण्याची वर सांगितलेली सारी कृती येथेही तशीच करता येते.

फेडोरा, ओपनसुसे आणि आर्च यांमध्ये काय करावे?

फेडोराचे डीएनएफ या बाबतीत फार सोयीचे आहे. २०१५ मधील फेडोरा २२ पासून ते यमच्या जागी आले. ते प्रत्येक व्यवहाराला क्रमांक देते. डीएनएफ हिस्टरी लिस्टने क्रमांक पाहावा, डीएनएफ हिस्टरी इन्फो आणि तो क्रमांक देऊन व्यवहार तोच आहे याची खात्री करावी, आणि सुडो डीएनएफ हिस्टरी अनडू आणि क्रमांक दिल्यास तो व्यवहार उलटवला जातो.

ओपनसुसे नेहमीच्या रीतीने बीटीआरएफएस या फाइल प्रणालीवर बसवलेली असेल तर पॅकेजच्या प्रत्येक बदलाआधी आणि नंतर स्नॅपर हे साधन प्रणालीचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीच्या प्रती, घेऊन ठेवते. ग्रबच्या मेनूमधून जुना स्नॅपशॉट निवडून संगणक सुरू करावा, सर्व ठीक दिसल्यास सुडो स्नॅपर रोलबॅक द्यावे आणि रीस्टार्ट करावा.

आर्चचे पॅकमन इतरांना लागणारे पॅकेज साध्या कमांडने काढूच देत नाही. तेथे पडझड होते ती -आरसी किंवा -आरडीडी हे पर्याय वापरल्यावर. पहिला पर्याय वर उभे असलेले सर्व काढतो. दुसरा कोणालाही न विचारता फक्त मागितलेले काढतो, आणि त्यामुळे बाकीचे सारे जागेवर दिसूनही चालत नाही. काढलेल्यांची नोंद /व्हार/लॉग/पॅकमन.लॉगमध्ये आणि उतरवलेली पॅकेजेस /व्हार/कॅश/पॅकमन/पीकेजी या फोल्डरमध्ये मिळतात. तेथून ती पॅकमन -यू या पर्यायाने, यू मोठे ठेवून, इंटरनेटशिवायही बसवता येतात.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा प्रणाली नव्याने बसवणे सोपे नाही का?

काही वेळा आहे. सी लायब्ररी, म्हणजे एलआयबीसी६, गेली असेल तर एलएससारखी साधी कमांडही चालत नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून तिचे पॅकेज डिस्कवर उलगडून ठेवता येते, पण तो मार्ग सरावलेल्यांसाठी आहे. सक्तीचे पर्याय वापरून अनेक पॅकेजेस मोडली गेली असतील, किंवा दोन वेगळ्या आवृत्त्यांची भांडारे एकमेकांत मिसळली असतील, तर नव्याने बसवणे शहाणपणाचे. त्याआधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून होम फोल्डर दुसऱ्या डिस्कवर घ्यावा.

केवळ डेस्कटॉप गेला असेल तर मात्र नव्याने बसवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. नव्याने बसवल्यावर प्रणाली अर्ध्या तासात उभी राहते, हे खरे आहे. पण त्यानंतर प्रिंटर, टंकलेखनाची मांडणी, ड्रायव्हर आणि वर्षभरात एकेक करून बसवलेले प्रोग्रॅम पूर्ववत करण्यात जे दिवस जातात, ते कोणी मोजत नाही.

पुन्हा असे होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी?

काढण्याची कोणतीही कमांड आधी -एस हा पर्याय लावून द्यावी. ॲप्ट -एस रिमूव्ह आणि पॅकेजचे नाव दिल्यास काय होईल ते सर्व दिसते, पण प्रत्यक्षात काहीच काढले जात नाही. त्यात आधी किती पॅकेजेस निघणार तो आकडा पाहावा. एक किंवा दोन अपेक्षित असताना तेथे चाळीस दिसत असतील तर पुढे वाचण्याचीही गरज नाही. आकडा लहान असेल तेव्हा नावे वाचावीत. शेल, सेशन, डेस्कटॉप, डीएम, नेटवर्क-मॅनेजर, झॉर्ग (पहिले अक्षर एक्स) असे शब्द दिसले की थांबावे.

केवळ ताकीद दिल्याने माणसे थांबत नाहीत, हे नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वांसमोर आले. एका प्रसिद्ध यूट्यूब वाहिनीवरील निवेदक पॉप ओएस या लिनक्स वितरणावर स्टीम हे खेळांचे सॉफ्टवेअर बसवत होते. त्या वेळी भांडारातील पॅकेजच्या दोषामुळे, काढणे दूरच, बसवण्याच्या व्यवहारातच डेस्कटॉप काढण्याच्या यादीत आला होता. ॲप्टने आवश्यक पॅकेजेस जात असल्याची सूचना दिली आणि "यस, डू ॲज आय से!" हे वाक्य टंकायला सांगितले. त्यांनी ते टंकले आणि डेस्कटॉप गेला. त्यानंतर ॲप्टमध्ये बदल करण्यात आला. आता आवश्यक पॅकेजेस काढण्याची मागणी ते वाक्य विचारून मान्य करत नाही, सरळ नाकारते. हा बदल योग्यच झाला. मात्र हे संरक्षण आवश्यक म्हणून खूण केलेल्या मोजक्या पॅकेजेसना मिळते, सर्वसाधारणपणे नोम-शेलसारखी डेस्कटॉपची पॅकेजेस त्यांत नसतात. म्हणून यादी वाचण्याचे काम अजूनही आपल्याकडेच आहे. ॲप्ट इन्स्टॉल देतानाही ती वाचावी, हे या घटनेतून विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

टाइमशिफ्ट हे साधन बसवून आठवड्यातून एकदा स्नॅपशॉट घेण्याची व्यवस्था करावी. मिंटमध्ये ते आधीपासून असते. डेस्कटॉप नसतानाही सुडो टाइमशिफ्ट --रिस्टोअर ही कमांड काळ्या पडद्यावरून चालते, त्यामुळे ऐन वेळी ते उपयोगी पडते.

मला नको असलेले पॅकेज डेस्कटॉपला हवे आहे, म्हणून काढता येत नाही. मग त्याचे काय करावे?

ते बसलेले राहू द्यावे आणि त्याचा त्रास तेवढा बंद करावा. मेनूमध्ये चिन्ह दिसते म्हणून नको असेल तर ते मेनू-संपादकातून लपवता येते. पार्श्वभूमीत चालते म्हणून नको असेल तर सिस्टिमसीटीएल --यूझर मास्क आणि सेवेचे नाव देऊन ती सुरू होण्यापासून रोखता येते, आणि अनमास्कने क्षणात पूर्ववत करता येते. डिस्कवर जागा व्यापते म्हणून नको असेल तर ॲप्ट शो या कमांडने त्याचा आकार आधी पाहावा. बहुतेक वेळा तो काही मेगाबाइट निघतो. माझ्या संगणकावर इव्होल्यूशन-डेटा-सर्व्हर तेव्हापासून जागेवर आहे. त्याच्या ज्या सेवा मला नको होत्या त्या मास्क केल्या आहेत, आणि घड्याळावर टिचकी मारल्यावर खाली कॅलेंडर अजूनही उघडते.